विषय ‘हात’ : इंदूरकर मंडळी, फोटो टाका आणि एकमेकांच्या फोटोंवर मोकळेपणी बोला

मालवामन

नमस्कार मंडळी. मागच्या खेपेला आपण राजवाडा घेतला होता. फोटो छान आले, पण जवळजवळ सगळे समोरच्या बागेपाशी उभं राहून काढलेले, सातही मजले फ्रेममध्ये बसले की काम झालं असे. म्हणून यावेळी विषय मुद्दाम छोटा घेतोय. हात. कुणाचेही, काहीही करणारे. चेहरा आला तरी चालेल पण फोटो हाताचा वाटला पाहिजे. मोबाइलवर काढलेला चालेल, जुना असला तरी चालेल.

एकच विनंती, प्रतिसादात नुसतं ‘मस्त’ आणि ‘भारी’ नको. आधी सांगा की तुमची नजर कुठे गेली, मग सांगा कुठे अडली. फोटो काढणारा तिथे हजर असतो, त्याला वास, आवाज, गर्दी सगळं आठवत असतं, आपल्याला मात्र तो एक चौकोनच मिळतो, त्यामुळे दुसऱ्याची नजर कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते हे त्याला दुसऱ्यानेच सांगावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाद घालायला बरं. हाताच्या फोटोत हात आणि वस्तू जिथे भेटतात ती जागा सगळ्यात महत्त्वाची. बोट आणि सुई, तळवा आणि पीठ, मूठ आणि दोरी. फोकस तिथे, उजेड तिथे, बाकी सगळं त्या जागेच्या मागे. चला, टाका फोटो.

जीरावण

प्रचि (प्रकाशचित्र) १. सराफ्यातला जलेबीवाला, रात्री सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याची लागली की मग काढलाय. मोबाइल आहे. गर्दी इतकी होती की दोन्ही कोपर अंगाला चिकटवून उभा होतो. हात थोडा हलला आहे ते माहीत आहे. बोला बिनधास्त.

रीगलचौक

पहिली नजर वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या दिव्याकडे गेली, मग कढईतल्या तेलावर, आणि हात मला तिसऱ्यांदा सापडला भिया. शिवाय फोटोभर आडवे काळपट पट्टे दिसतायत, ते काय आहे? लेन्सला काही लागलंय का?

मालवामन

लेन्स स्वच्छ आहे, ते पट्टे दिव्याचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण मोबाइलचा सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजळ येतात काही काळ्या. शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० ला ठेवलं की पट्टे जातात किंवा खूपच कमी होतात. बहुतेक फोनमध्ये प्रो मोड असतो त्यात हे करता येतं. सराफा काय, छप्पन दुकान काय, रात्री कुठेही उपयोगी पडेल.

आता हाताबद्दल. हलला आहे याचं मला काहीच वाटत नाही. जलेबीवाल्याचा हात हलणारच. पण नीट बघ, पिठाचं फडकं मुठीत दाबून तो गोल गोल फिरवतो आणि शेवटच्या वेढ्याला हात क्षणभर वर उचलतो, तेव्हा पिठाची धार तुटते. त्या उचलण्याच्या वेळी हात जवळजवळ थांबलेला असतो. तिथे बोट दाबायचं. एक जलेबी बघायची, दुसरी बघायची, ताल कळला की मग फोटो. १/१०० ला सुद्धा मूठ स्पष्ट येईल आणि खालचं वेटोळं पूर्ण झालेलं दिसेल.

आणि समोरून काढू नकोस. समोर कढई मोठी दिसते, माणूस मागे जातो. त्याला विचारून बाजूला उभा राहा, कढईपासून हातभर लांब, दिवा तुझ्या पाठीकडे येईल असा. स्क्रीनवर तेलाच्या चकाकीला बोट लावून उजेड खाली ओढ, नाहीतर तेल पांढरं फटक होतं आणि जलेबीचा रंगच हरवतो. मागच्या पाटीपासून पुढच्या पातेल्यापर्यंत सगळं घेतलंयस, त्यातलं निम्मं सोड. फडक्याला घट्ट धरलेली चार बोटं, त्यांच्यावर वाळलेलं पीठ, आणि खाली तेल. मला एवढंच बघायचं होतं.

जीरावण

बाजूला उभं राहायचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी परत जातो. आणि गराडूवाल्याचा, म्हणजे तळलेला कंद विकणाऱ्याचा, पण काढू का? तो जीरावण मसाला भुरभुरतो तेव्हा हात फार छान दिसतो.

मालवामन

गराडू थंडीतच मिळणार, तोवर थांबावं लागेल. पण काढच. भुरभुरणारा मसाला दिसायला हवा असेल तर मागे अंधार पाहिजे आणि उजेड बाजूने किंवा मागून यायला पाहिजे, समोरून उजेड आला की भुकटी दिसतच नाही.

उंबरठा

प्रचि २. माझी आजी फुलवाती करतेय. सकाळी खिडकीजवळ. पोर्ट्रेट मोडवर काढलाय. घरात सगळ्यांना आवडला पण मला तो कसातरी राखाडी वाटतो, आजीचं लुगडं इतकं पांढरंशुभ्र आहे आणि फोटोत मळकट आलंय. काय चुकतंय कळत नाही.

निळीशाई

आजी गोड! नजर थेट बोटांवर गेली, म्हणजे काम झालं ना? एक सांगू, डाव्या हाताची करंगळी अर्धी गायब झाली आहे, लुगड्यात विरघळल्यासारखी.

मालवामन

ताई, तुझं काही चुकलं नाही, कॅमेऱ्याचा स्वभाव आहे तो. कॅमेरा समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. इथे लुगडं पांढरं, कापूस पांढरा, मागची भिंत पांढरी, त्यामुळे तो म्हणतो फार उजेड झाला आणि सगळं काळवंडून टाकतो. अशा वेळी एक्स्पोजर आपण होऊन वाढवायचं, +१ च्या आसपास. बहुतेक फोनवर फोकसला बोट लावलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते वर सरकवायचं. जिथे कापसाचे तंतू दिसेनासे होतील त्याच्या जरा अलीकडे थांब.

करंगळीचं निळीशाई यांनी बरोबर पकडलं. पोर्ट्रेट मोडमध्ये फोन स्वतःच ठरवतो की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, आणि बोटांच्या फटी, केस, दोरे इथे त्याचा हिशेब हमखास चुकतो. हाताच्या फोटोला तो मोड बंदच ठेवा सगळ्यांनी. मागचं धूसर हवं असेल तर आजीला भिंतीपासून लांब बसव आणि दोन पावलं मागे जाऊन २x झूमने काढ. साध्या लेन्सने अगदी जवळ जाऊन काढलं की जवळचा हात फार मोठा दिसतो आणि मनगट बारीक, ते या फोटोतही थोडं झालंय.

पण या फोटोत जे आहे ते फार मोलाचं आहे. आजीने दुधात बोट बुडवून वातीचं टोक वळलंय, आणि त्या बोटावर दुधाचा ओला ठिपका चमकतोय. तो मला तिसऱ्यांदा झूम केल्यावर दिसला. तीच तुझी जागा. खिडकी आजीच्या बाजूला आहे ते उत्तमच, फक्त तिला खिडकीच्या आणखी जवळ बसव, म्हणजे उजेड आडवा येईल, सुरकुत्यांना उठाव येईल आणि तो ओला ठिपका आपोआप चमकेल. दुधाची वाटी फ्रेमच्या कडेला अर्धी कापली गेली आहे, ती एकतर पूर्ण घे नाहीतर काढूनच टाक.

उंबरठा

अगं बाई, दुधाचं बोट! मी रोज बघते आणि फोटोत मलाच दिसलं नाही. आजी म्हणते श्रावणात सांगायचं होतंस, सव्वा लाख वातींचा संकल्प होता. पण अजूनही रोज करतेच, त्यामुळे उद्याच परत काढते.

रीगलचौक

प्रचि ३. पहाटे राजवाड्याजवळ रस्ता झाडणाऱ्या ताई. केशरी हातमोजे आणि खराटा. डीएसएलआर, ५० एमएम, एफ २.८. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय ते या हातांमुळे, म्हणून हा फोटो.

तिसरीगल्ली

भावना पोचली दादा. पण माझी नजर मागच्या भिंतीवरच्या अक्षरांवर गेली आणि तिथेच राहिली, ‘इंदौर नंबर वन’ पूर्ण वाचून झाल्यावर मग हात बघितले.

मालवामन

तिसरीगल्लीने माझं वाक्य घेतलं. फ्रेममध्ये वाचता येण्यासारखं काही असलं की डोळा आधी ते वाचतोच, कितीही धूसर असलं तरी. तुला ते मुद्दाम हवं होतं हे कळतंय, पण मग फोटो घोषणेचा होतो आणि ताई तिच्या खालची सजावट होऊन बसतात. आणि तू तर म्हणतोयस की या हातांमुळे. मग हातांनाच बोलू दे ना. एक पाऊल डावीकडे सरकला असतास तर मागे नुसता राजवाड्याचा दगड आला असता, खालच्या मजल्यांचा, आणि त्या करड्या रंगावर केशरी हातमोजे असे काही उठले असते.

दुसरं, हातमोज्याच्या तर्जनीला भोक आहे आणि त्यातून खरं बोट दिसतंय. ते फोकसमध्ये आहे, छान आहे, पण तू सबंध खराटा घेण्याच्या नादात ते बोट फ्रेममध्ये तांदळाएवढं ठेवलंस. खराटा वरून आणि खालून कापला तरी चालेल, तो खराटा आहे हे चार काड्यांवरून कळतं.

निळीशाई

मला वेगळं विचारायचंय. ताईंना विचारलं होतं का? चेहरा नाही म्हणून विचारायची गरज नाही असं बरेच जण समजतात.

रीगलचौक

विचारलं होतं. आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या फक्त हात असतील तर काढा. फोटो दाखवला तर हसल्या, म्हणाल्या हातमोजा तरी नवा घालू द्यायचा होता.

मालवामन

निळीशाई यांनी काढलं ते बरंच झालं. चेहरा नसला तरी ज्याचा हात त्याला तो ओळखू येतो, त्याच्या घरच्यांना ओळखू येतो. बांगडी, गोंदण, तुटलेलं नख, एवढ्यावरून माणूस कळतो. विचारायचंच. आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवायचा. त्या ताईंना एक प्रिंट नेऊन दे, आणि पुन्हा काढणार असशील तर कुठला हातमोजा घालायचा ते त्यांनाच ठरवू दे.

निळीशाई

प्रचि ४, महेश्वरचा. मागावर बसलेल्या बाईंचे हात. धोटा पळताना पकडायचा होता, तो नुसती पांढरी रेघ आला. शटर १/१५ होतं.

मालवामन

हा जसा आहे तसा ठेवा. धोट्याची रेघ, आणि दोरी ओढणारा हात मात्र स्थिर, म्हणजे काम चालू आहे हे न सांगता कळतं. रेशमाच्या ताण्यावर उजेडही सुरेख पडलाय. खालून थोडं कापा, पायाजवळचा प्लास्टिकचा डबा जाईल. बाकी काही नाही.

जीरावण

प्रचि ५ मीच टाकतो मध्ये एक, गेल्या रंगपंचमीच्या गेरमधला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतला. गुलालाने भरलेले हात वर केलेले. फोन पिशवीत घालून काढला होता त्यामुळे धूसर आलाय.

रीगलचौक

रंग भारी पण हात कुणाचे, किती, काहीच लागत नाही. पिशवीपेक्षा पारदर्शक पातळ प्लास्टिक फोनला घट्ट गुंडाळ आणि लेन्सपुरतं भोक ठेवून कडेने चिकटपट्टी लाव. आणि लेन्सवर गुलाल बसला तर पुसू नकोस, घासला जातो, आधी हवेच्या फुग्याने उडव.

तिसरीगल्ली

बराच वेळ टाकू की नको करत होते. प्रचि ६. माझे आजोबा. कापड मिलमध्ये मागावर होते, मिल बंद पडली तेव्हापासून घरीच. गॅलरीत खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात मांडीवर. मी ब्लॅक अँड व्हाइट केलाय. मालवामन यांच्या नियमाप्रमाणे तर हा बादच व्हायला पाहिजे कारण हातात काहीच नाही.

रीगलचौक

हा फोटो या सगळ्यांत मला जास्त आवडला. रिकामे हात आहेत म्हणूनच. शब्द नाहीत.

उंबरठा

मलाही. नखांकडे बघत राहावंसं वाटलं. फक्त ब्लॅक अँड व्हाइट थोडं जास्त कडक झालंय का? सुरकुत्या कोरल्यासारख्या दिसतायत.

मालवामन

बाद कसला, उलट यावरच बोलायचंय सविस्तर.

आधी उंबरठा ताईंचा मुद्दा. म्हाताऱ्या माणसाचा हात आला की कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटी वर ढकलायची सवय आपल्या सगळ्यांना असते. मग कातडी चामड्यासारखी दिसते आणि माणूस त्याच्या वयापुरताच उरतो. आजोबांच्या हातावरची कातडी पातळ आहे, शिरा वर आलेल्या, ती नाजूक दिसायला हवी. क्लॅरिटी शून्यावर आण, काळा रंग जरा हलका कर. आणि रंगीत मूळ फोटो पण टाक ना, मला वाटतं गॅलरीतल्या सकाळच्या उन्हाचा रंग यात असायला हवा होता.

आता रिकाम्या हातांचं. मला हा फोटो भिडतो, पण हात ‘ठेवलेले’ वाटतात. तू आजोबांना हात असे ठेवा म्हणालीस का? दोन्ही पंजे एकाच उंचीवर, बोटं जुळवलेली. फोटो काढून घ्यायला बसलेला माणूस असे हात ठेवतो. यात वाईट काही नाही, याला मोठी परंपरा आहे, आणि ती आपल्या गावातली आहे. फोटोग्राफर राजा दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले आणि इथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा धरला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना पाठबळ दिलं, हैदराबादच्या निजामाकडे ते नंतर गेले. त्या काळी काचेवरचं रसायन ओलं असेपर्यंतच सगळं उरकावं लागायचं आणि बसलेल्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावं लागायचं. हात अधांतरी ठेवून कोण स्थिर राहणार? म्हणून त्या जमान्याच्या फोटोंत हात नेहमी कशावर तरी टेकलेला, तलवारीची मूठ, खुर्चीचा हात, टेबलावरचं पुस्तक. तेव्हा ती गरज होती. आपल्या फोनला १/२०० पुरतं, मग आपण आजोबांना कशाला थांबवून ठेवायचं?

म्हणून विचारतो, तू फोटो काढत नसतेस तेव्हा आजोबांचे हात काय करत असतात?

तिसरीगल्ली

हो, मीच म्हणाले होते हात मांडीवर ठेवा म्हणून.

एरवी… आता तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आजोबा बसल्या बसल्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असतात, काहीतरी वळल्यासारखं. पेपर वाचताना, टीव्ही बघताना, कधीकधी झोपेत पण. आम्ही लहानपणी विचारायचो तेव्हा सांगायचे की मागावर सूत तुटलं की असं चिमटीत धरून जोडायचं, मशीन थांबलं की नुकसान, म्हणून झटक्यात. आईला वाटतं आता ती नुसती सवय आहे.

उंबरठा

काटा आला अंगावर.

मालवामन

ताई, हाच फोटो आहे. अंगठा आणि तर्जनी. हातात वस्तू नाही पण वस्तूची जागा आहे.

कसा काढायचा ते सांगतो. त्यांना काही सांगू नकोस, पेपर वाचू दे. तू खाली बस, तुझा कॅमेरा त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला, कारण वरून काढलं की चिमटीच्या आतलं दिसत नाही. फोकस तर्जनीच्या टोकावर. एक शटर १/२५० ला ठेवून चार-पाच काढ, मग १/८ पर्यंत खाली आणून कॅमेरा स्टुलावर टेकव आणि आणखी काढ, म्हणजे बाकी हात स्थिर आणि फक्त ती दोन बोटं हललेली येतील. मला दुसरा जास्त बोलका वाटेल असा अंदाज आहे, पण दोन्ही हवेत. डावा हात फ्रेमबाहेर गेला तरी जाऊ दे.

रीगलचौक

मी थोडा असहमत. मला तो आधीचा निश्चल फोटोच राहावासा वाटतो. ज्या हातांनी वर्षानुवर्षं माग चालवला ते आता मांडीवर आहेत, हे बघणाऱ्याला समजतं. चिमटीचा फोटो चांगला होईल पण त्याखाली चार ओळी लिहाव्या लागतील, नाहीतर कुणाला वाटेल आजोबांचा हात थरथरतोय. ओळी लिहून समजावा लागणारा फोटो मला अर्धा वाटतो.

मालवामन

मुद्दा वजनदार आहे. पण आधीचा फोटो तरी ओळींशिवाय कुठे उभा आहे? ‘कापड मिलमध्ये मागावर होते’ हे वाचलं म्हणून आपल्याला ते हात गिरणीचे वाटले, नाहीतर ते शेतकऱ्याचे, मास्तरांचे, कुणाचेही असू शकतात. म्हणजे ओळ दोन्हीकडे लागतेच. फरक एवढाच की चिमटीच्या फोटोत ओळ वाचून परत फोटोकडे यावं लागतं आणि दुसऱ्यांदा तो जास्त दिसतो. फोटोखाली ओळ असली तर त्यात कमीपणा मला वाटत नाही.

निळीशाई

दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर? डावीकडे मांडीवरचे, उजवीकडे चिमटी.

रीगलचौक

ते चालेल. ते खरंच चालेल.

तिसरीगल्ली

आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की मग झांकीचे, म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतल्या चलत्या देखाव्यांचे, फोटो कुणी काढणार आहे की नाही. दर अनंत चतुर्दशीला ते मिलच्या झांक्या बघायला जातातच, त्यांचे जुने सोबती तिथे अजून वायरी बांधणं, पुतळ्यांना कपडे नेसवणं असली कामं करतात. म्हणाले, तिथे ये, खूप हात मिळतील.

जीरावण

मी येतो! ताई, आजोबांबरोबर कधी जायचं ते सांगा, मिरवणुकीच्या दिवशी नको ना, तेव्हा धक्काबुक्कीत काही होत नाही.

मालवामन

मिरवणुकीच्या चार-पाच दिवस आधी, दुपारी. तेव्हा बांधकाम चालू असतं आणि मांडवाच्या कापडातून गाळून आलेला मऊ उजेड मिळतो, रात्री तेच रंगीबेरंगी झगमग दिवे त्वचेला हिरवी-जांभळी करून टाकतात आणि नंतर दुरुस्त करता येत नाही. कापड रंगीत असेल तर एक पांढरा कागद बरोबर ठेवा, आधी त्याचा फोटो काढून व्हाइट बॅलन्स त्यावरून लावा. फ्लॅश नको. काम करणाऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि आजोबा ज्यांची ओळख करून देतील त्यांच्यापासून सुरुवात करू. तिसरीगल्ली, आजोबांना दिवस आणि वेळ विचारून इथेच लिही, आणि ते येणार असतील तर त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची मी आणतो.

तिसरीगल्ली

मंगळवार, दुपारी तीन. खुर्ची नको म्हणतायत, पण आणाच.